पोटातील संसर्गातून होणारा सेप्सिस : रुग्णालयात उपचार कसे होतात आणि त्यात तुमचे काम काय?

पोटात दुखते म्हणून घरातल्या कोणाला तरी तुम्ही रुग्णालयात नेता. डॉक्टर सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करतात. थोड्या वेळाने सर्जन येऊन पोट तपासतात. मग भूलतज्ज्ञ येतात. कोणी सीटी स्कॅनला घेऊन जायला सांगते, कोणी रक्तपेढीची चिठ्ठी हातात देते. बाहेर बसलेल्या तुम्हाला कळत नाही की नेमके कोणाचे ऐकायचे. आणि संमतिपत्रावर सही मागितली जाते तेव्हा मनात येते, "काल तर चालत आले होते. आज एकदम ऑपरेशन आणि आयसीयू?"

हा लेख त्या वेळेसाठी आहे. पोटातून सुरू झालेला सेप्सिस एकट्या औषधाने सहसा बरा होत नाही आणि एकट्या डॉक्टरच्या हाताने तर नाहीच. खचत चाललेले शरीर सावरणे, जंतूंना मारणे आणि पोटातले संसर्गाचे मूळ काढून टाकणे ही तीन कामे जवळजवळ एकाच वेळी व्हावी लागतात. त्यासाठी बरेच लोक एकत्र काम करतात. त्या लोकांत तुम्हीही आहात, हे पुढे वाचताना लक्षात येईल.

सेप्सिस म्हणजे नेमके काय?

शरीरात जंतू शिरले की आपली प्रतिकारशक्ती त्यांच्याशी लढते. ताप येतो, नाडी वाढते, पांढऱ्या पेशी वाढतात. हे नेहमीचे आहे. पण काही वेळा ही लढाई ताब्याबाहेर जाते आणि शरीराच्या स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागते. मूत्रपिंडे लघवी कमी तयार करतात, फुप्फुसांना ऑक्सिजन घेणे जड जाते, मेंदूवर ग्लानी येते, रक्तदाब उतरतो. संसर्गामुळे अवयवांचे काम असे जिवावर बेतण्याइतके बिघडणे म्हणजे सेप्सिस. २०१६ पासून जगभरातले डॉक्टर हीच व्याख्या वापरतात.

पुरेसे सलाईन देऊनही रक्तदाब टिकवण्यासाठी औषध लागत असेल आणि रक्तातील लॅक्टेट नावाचा घटक वाढलेलाच राहत असेल, तर त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. ही सेप्सिसची सर्वांत गंभीर अवस्था आहे.

सेप्सिस दुर्मीळ नाही. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४.९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांपैकी सुमारे १.१ कोटी दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे त्या वर्षी जगातल्या साधारण दर पाच मृत्यूंमागे एक मृत्यू सेप्सिसशी जोडलेला होता.

पोटातला संसर्ग इतका धोकादायक का?

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू असतात. ते आतड्याच्या आत असतात तोवर काही बिघडत नाही. पण आतड्याला छिद्र पडले किंवा त्याची भिंत सडली की तेच जंतू पोटाच्या पोकळीत सांडतात. या पोकळीला आतून एक पातळ पडदा असतो. त्याचे क्षेत्रफळ साधारण आपल्या सगळ्या त्वचेइतके असते. एवढ्या पडद्याला सूज आली की शरीरातले पाणी मोठ्या प्रमाणावर पोटात झिरपते. बाहेर काहीच दिसत नाही, पण आतून जणू मोठा भाजल्यासारखा प्रकार चाललेला असतो.

आपल्याकडे नेहमी दिसणारी कारणे अशी :

- अपेंडिक्सला सूज येऊन ते फुटणे.
- जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा अल्सर फुटणे. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी बरेच दिवस वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत याचा धोका जास्त असतो.
- टायफॉइड किंवा क्षयरोगामुळे आतड्याला छिद्र पडणे. टायफॉइडमध्ये हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घडते.
- पित्ताच्या खड्यामुळे पित्ताशयात पू होणे किंवा पित्तनलिका बंद होऊन तिथे संसर्ग होणे.
- यकृतात गळू होणे.
- अडकलेला हर्निया, आतड्याला पडलेला पीळ किंवा आतड्याचा रक्तपुरवठा बंद होणे.
- पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी आतड्याचा जोड गळू लागणे.
- स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर गर्भाशयात संसर्ग होणे, बीजनलिकेत पू होणे.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

पोटदुखीसोबत पुढीलपैकी काहीही असेल तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा :

- पोट कडक होणे, हलले किंवा खोकले तरी कळ येणे
- पोट फुगणे, उलट्या थांबत नसणे, शौच आणि वायू दोन्ही बंद होणे
- थंडी वाजून ताप, किंवा उलट अंग गार पडणे
- धाप लागणे, श्वास भरभर चालणे
- सहा-आठ तासांत लघवी न होणे किंवा अगदी थोडी होणे
- असंबद्ध बोलणे, ग्लानी, ओळख न पटणे
- हातपाय गार आणि घामेजलेले, उभे राहताच चक्कर
- डोळे पिवळे, ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणे

दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवा. पहिली : वयस्कर माणसे, मधुमेही आणि स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांच्यात पोट फार दुखत नाही आणि तापही येत नाही, तरी आत मोठा संसर्ग असू शकतो. "आजी आज जरा गप्प आहेत, जेवल्या नाहीत" एवढेच लक्षण असू शकते. दुसरी : दोन दिवस जोरात दुखणारे अपेंडिक्स फुटले की थोडा वेळ बरे वाटू शकते. घरचे म्हणतात, "चला, उतार पडला." काही तासांनी ताप, फुगलेले पोट आणि धाप घेऊन तोच रुग्ण परत येतो. दुखणे अचानक कमी झाले आणि माणूस मात्र मलूल दिसतो आहे, तर त्याला उतार समजू नका.

घरी काय करू नये?

जोराच्या पोटदुखीत एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नका, एनिमा देऊ नका. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर दिवस ढकलू नका. गोळीने दुखणे दबते, आतला आजार वाढत राहतो. रुग्णालयात निघाल्यावर वाटेत चहा-दूधही देऊ नका, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामे असलेले बरे.

रुग्णालयात डॉक्टर दुखणे कमी करणारे इंजेक्शन देतात ते मात्र वेगळे. तिथे आधी पोट तपासलेले असते आणि नंतरही पुन्हा पुन्हा तपासले जाते. वेदना सोसत ठेवून निदान चांगले होते असे नाही.

पहिला तास : एकाच वेळी पाच-सहा हात

अपघात विभागात रुग्ण आला की तिथले डॉक्टर आणि सिस्टर पहिल्या काही मिनिटांत नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, तापमान, ऑक्सिजन आणि रक्तातील साखर मोजतात. सेप्सिसची शंका आली की पुढील कामे एकामागून एक न होता सोबतच सुरू होतात :

रक्ताच्या तपासण्या. रक्तपेशी, मूत्रपिंड, यकृत, क्षार, रक्त गोठण्याची चाचणी, रक्तगट आणि लॅक्टेट. सोबत ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का याची तपासणी. कल्चरचे रक्त शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी घेतात, पण त्यासाठी औषध लांबवत नाहीत.

अँटिबायोटिक. सेप्टिक शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल, तर पहिला डोस तासाभरात जायला हवा असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पोटात अनेक प्रकारचे जंतू असतात, म्हणून सुरुवातीला त्या सर्वांवर चालणारी औषधे निवडतात.

सलाईन. पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे १८०० मिली. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर थोडे थोडे देऊन दर वेळी छाती आणि श्वास तपासतात. "आधीच अंगावर सूज, त्यात एवढे पाणी कशाला?" असे तुम्हाला वाटू शकते. पण ते पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर गेलेले असते. रक्ताभिसरणासाठी आत पाणी कमीच पडलेले असते.

रक्तदाब टिकवणारे औषध. सलाईनने रक्तदाब सावरत नसेल तर नॉरॲड्रेनालिन पंपाने सुरू करतात. सरासरी रक्तदाब ६५ च्या आसपास राखणे हे पहिले उद्दिष्ट असते.

दोन नळ्या. नाकातून जठरात जाणारी नळी पोटावरचा ताण कमी करते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका घटवते. लघवीची नळी दर तासाला लघवी किती झाली हे सांगते. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हावी अशी अपेक्षा असते.

स्कॅन. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पोटाच्या वरच्या पडद्याखाली हवा दिसली, तर जठर किंवा आतडे फुटल्याची दाट शंका येते. सोनोग्राफीत पित्ताशय, यकृतातले गळू आणि पोटातले पाणी चांगले दिसते. संसर्ग नेमका कुठे आहे याचे सर्वांत स्पष्ट चित्र बहुधा सीटी स्कॅन देते. पण रुग्ण फारच खालावलेला असेल आणि पोट तपासूनच निदान स्पष्ट असेल, तर सर्जन स्कॅनसाठी न थांबता शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ शकतात.

मूळ काढल्याशिवाय सेप्सिस हटत नाही

न्यूमोनियाचा सेप्सिस बऱ्याचदा फक्त औषधांनी बरा होतो. पोटाचे तसे नाही. साचलेल्या पुवात अँटिबायोटिक नीट पोचत नाही आणि छिद्रातून सांडणारी घाण औषधाने थांबत नाही. म्हणून संसर्गाचे मूळ काढावे लागते. त्याचे तीन मुख्य मार्ग आहेत :

१. सुईने किंवा नळीने पू काढणे. सोनोग्राफी किंवा सीटीवर पाहत रेडिओलॉजिस्ट त्वचेतून बारीक नळी गळवात सोडतात. यकृतातील गळू, अपेंडिक्सभोवती साचलेला पू, किंवा फार अशक्त रुग्णाचे पुवाने भरलेले पित्ताशय यांसाठी हा मार्ग उपयोगी पडतो.

२. दुर्बिणीतून पित्तनलिका मोकळी करणे. तोंडातून दुर्बीण घालून गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट पित्तनलिकेतला खडा काढतात किंवा तिथे छोटी नळी बसवतात. याला ईआरसीपी म्हणतात.

३. शस्त्रक्रिया. छिद्र शिवणे, अपेंडिक्स काढणे, सडलेले आतडे कापणे, पोट धुणे. काही वेळा आतड्याचे टोक पोटावर बाहेर काढावे लागते. त्याला स्टोमा म्हणतात आणि बऱ्याच रुग्णांत तो काही महिन्यांनी बंद करता येतो. प्रकृती फार नाजूक असेल तर सर्जन पहिल्या वेळी गळती थांबवून पोट स्वच्छ करण्यापुरतेच थोडक्यात काम करतात, रुग्णाला आयसीयूत स्थिर करतात आणि एक-दोन दिवसांनी उरलेले काम पूर्ण करतात. "दुसरे ऑपरेशन" ऐकून पहिल्यात चूक झाली असे समजू नका. ते आधीच ठरवलेले असू शकते.

याला अपवादही आहेत. स्वादुपिंडाच्या सडलेल्या भागात संसर्ग झाला, तर शक्य तेवढे थांबून, आधी नळीने पू काढून, मोठी शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलणे जास्त सुरक्षित असते. यकृताच्या सिरॉसिसमध्ये पोटातल्या पाण्यालाच संसर्ग होतो तेव्हा मुख्य उपचार औषधांचा असतो. म्हणूनच नेमके निदान महत्त्वाचे.

"आधी बीपी सुधारू दे, मग ऑपरेशन करा"

हे वाक्य मी नातेवाइकांकडून कितीतरी वेळा ऐकले आहे. त्यामागची भीती खरी आहे. भूल देताना रक्तदाब आणखी उतरू शकतो आणि अशा रुग्णाच्या शस्त्रक्रियेत जिवाला धोका असतोच. पण पोटात छिद्र उघडे असताना रक्तदाब पूर्ण सुधारेपर्यंत थांबायचे म्हटले, तर तो बहुधा सुधारतच नाही. नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसण्यासारखे ते होते.

म्हणून तीन डॉक्टर एकत्र बसून मधला मार्ग काढतात. सर्जन सांगतात की किती वेळ थांबता येईल. भूलतज्ज्ञ सांगतात की सुरक्षित भूल देण्यासाठी किमान काय सुधारायला हवे. फिजिशियन किंवा आयसीयूचे डॉक्टर त्या वेळात सलाईन, रक्तदाबाचे औषध, साखर आणि क्षार यांवर काम करतात. अनेकदा ही तयारी एक-दोन तासांची असते, दोन दिवसांची नाही. औषधाचा पंप चालू ठेवूनच रुग्णाला ऑपरेशन थिएटरमध्ये नेले जाते.

कोण काय करते?

- सिस्टर : दर तासाचे आकडे, वेळेवर औषधे, आणि बिघाड सर्वांत आधी ओळखणे.
- फिजिशियन, आयसीयूचे डॉक्टर : अवयवांची काळजी, व्हेंटिलेटर किंवा डायलिसिसचा निर्णय, सर्वांच्या सूचनांचा मेळ.
- सर्जन : पोट पुन्हा पुन्हा तपासणे, मूळ काढण्याचा मार्ग आणि वेळ ठरवणे.
- भूलतज्ज्ञ : शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान आणि नंतर श्वास व रक्तदाब सांभाळणे.
- रेडिओलॉजिस्ट : मूळ शोधणे, शक्य असेल तिथे नळीने पू काढणे.
- मायक्रोबायोलॉजिस्ट आणि लॅब : कोणता जंतू आहे, कोणते औषध लागू पडेल हे सांगणे.
- फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ : रुग्णाला लवकर बसवणे-चालवणे, पोषण सुरू करणे.
- मामा-मावशी, थिएटरचे कर्मचारी, रक्तपेढी : यांच्यावाचून वरचे कोणीच पुढे सरकू शकत नाही.

या सगळ्यांचे चालते ते एकमेकांना नीट सांगण्यावर. ते सांगणे कुठे तुटते, याचे माझेच उदाहरण देतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. साठीतले एक आजोबा पोटदुखीसाठी दाखल झाले. ताप नव्हता, रक्तदाब ११०/७०. मी ॲसिडिटीचे आणि दुखण्याचे इंजेक्शन दिले आणि "सकाळी सर्जन बघतील" असे केसपेपरवर लिहिले. रात्री दोनला सिस्टर म्हणाल्या, "सर, दहापासून लघवीच्या पिशवीत जेमतेम ४० मिली आहे. आणि आजोबा मघापेक्षा भरभर श्वास घेतायत." मी उठून न पाहता सलाईन वाढवायला सांगितले. पाचला त्या पुन्हा आल्या तेव्हा गेलो. पोट फळीसारखे कडक झाले होते. सर्जनना तेव्हा फोन केला. अल्सर फुटलेला होता. आजोबा वाचले, पण मूत्रपिंडे थकल्यामुळे डायलिसिस लागले आणि बरेच दिवस आयसीयूत काढावे लागले. दोन वाजता सिस्टरने मला निदानच सांगितले होते, फक्त त्याचे नाव घेतले नव्हते. ते तीन तास माझे होते.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. सिस्टर काळजीने बोलल्या की रुग्णाजवळ जायचे. आणि पोटदुखीच्या रुग्णात लघवी कमी किंवा श्वास भरभर दिसला की सर्जनना तेव्हाच कळवायचे, सकाळची वाट पाहायची नाही.

अँटिबायोटिक किती दिवस?

जितके जास्त दिवस तितके चांगले, हा समज बरोबर नाही. अमेरिका आणि कॅनडातील ५१८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पोटातले मूळ नीट काढलेले असेल तर सुमारे चार दिवसांचे अँटिबायोटिक आणि त्याहून जास्त दिवसांचे अँटिबायोटिक, दोन्हींचे परिणाम जवळपास सारखेच आले. कल्चरचा अहवाल साधारण दोन-तीन दिवसांत येतो आणि त्यानुसार औषधे बदलली किंवा कमी केली जातात. "भारी औषध का बंद केले?" असे वाटले तर जरूर विचारा, पण बहुधा ती चांगली खूण असते. यकृतातील गळू किंवा मूळ पूर्ण न निघालेला संसर्ग यांत मात्र कोर्स लांबतो. घरी दिलेला कोर्स स्वतःच्या मनाने थांबवू नका.

चार-पाच दिवसांनंतरही ताप असेल, तर फक्त औषध बदलून भागत नाही. पोटात पुन्हा पू साचला आहे का, जोड गळतो आहे का, हे शोधायला हवे.

नातेवाईक म्हणून तुमचे काम

माहिती द्या. दुखणे कधी सुरू झाले, शेवटचे कधी खाल्ले, शेवटची लघवी कधी झाली, मधुमेह-रक्तदाब-हृदयाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करणारी गोळी आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आधी कोणते ऑपरेशन झाले. गोळ्यांची पाकिटे आणि जुन्या फाइली सोबत आणा. दारू, तंबाखू, गावठी औषध यांपैकी काही असेल तर लपवू नका. त्यावर औषधांची निवड अवलंबून असते.

एक माणूस ठरवा. डॉक्टरांशी बोलणारी आणि बाकीच्यांना सांगणारी व्यक्ती एकच असावी.

निर्णय लांबवू नका. "काका गावाहून निघालेत, ते आले की सही करू" यात चार-पाच तास सहज जातात. काकांना फोन लावून डॉक्टरांशी बोलायला द्या. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाही विचारा, निर्णय आधी त्याचा आहे.

हे प्रश्न विचारा :

- संसर्गाचे मूळ कुठे आहे असे वाटते?
- ते काढायचा मार्ग कोणता आणि किती तासांत?
- त्यासाठी लागणारी कोणती सोय इथे नाही?
- आज लघवी, रक्तदाब आणि लॅक्टेट कालच्यापेक्षा कसे आहेत?
- आज रुग्णाची जबाबदारी मुख्यतः कोणत्या डॉक्टरांकडे आहे?

खर्चाचे लगेच बोला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार घरून मागवून घ्या. कागद जमेपर्यंत उपचार सुरू ठेवण्याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

छोट्या गावात असाल तर

प्रत्येक तालुक्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, सीटी आणि आयसीयू एकाच छताखाली मिळत नाही. पण सेप्सिसची सुरुवातीची लढाई छोट्या दवाखान्यातही लढता येते. शिरेतून सलाईन, अँटिबायोटिकचा पहिला डोस, ऑक्सिजन आणि नाकातली नळी यांसाठी मोठे रुग्णालय लागत नाही. हे सुरू करूनच रुग्णाला पुढे पाठवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. पाठवणाऱ्या डॉक्टरांना दोन विनंत्या करा : पुढच्या रुग्णालयात फोन करून सर्जन आणि आयसीयूत जागा आहे याची खात्री, आणि चिठ्ठीवर औषधांच्या नावांसोबत ती दिल्याची वेळ. एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो.

घरी गेल्यावर

टाके निघाले म्हणजे आजार संपला असे नाही. सेप्सिसमधून बरे झाल्यावर आठवडे ते महिने थकवा, स्नायूंची अशक्तता, झोप बिघडणे, विसरणे, उदास वाटणे, केस गळणे असे त्रास होऊ शकतात. रुग्ण आळस करतो आहे असे समजून त्याला बोलू नका. थोडे थोडे चालणे, डाळी-अंडी-दूध यांसारखी प्रथिने (डॉक्टरांनी काही वर्ज्य केले नसेल तर) आणि वेळेवर तपासणी यांनी हळूहळू ताकद येते. मूत्रपिंडांना इजा झाली असेल तर क्रिएटिनिनची तपासणी पुन्हा करून घ्या आणि वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका.

पुन्हा ताप, जखमेतून पू, पोट फुगणे, उलट्या, लघवी कमी होणे किंवा धाप यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. एकदा सेप्सिस झालेल्या व्यक्तीला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. कोणत्याही डॉक्टरांकडे जाल तेव्हा "मला सेप्सिस झाला होता" हे आधी सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेप्सिस एकाचा दुसऱ्याला होतो का?
नाही. ज्या जंतूमुळे तो झाला तो काही वेळा पसरू शकतो, म्हणून आयसीयूत हात धुण्याचा आग्रह असतो. भेटायला जाताना आणि येताना हात धुवा.

रक्तात जंतू सापडले नाहीत, मग सेप्सिस कसा?
सेप्सिसच्या बऱ्याच रुग्णांत रक्ताचे कल्चर स्वच्छ येते. संसर्ग पोटात असतो आणि अवयवांवरचा परिणाम इतर तपासण्यांत दिसतो.

वाचण्याची शक्यता किती?
वय, आधीचे आजार, किती अवयव बिघडले आहेत आणि मूळ किती लवकर निघाले यांवर ते ठरते. पहिल्या दिवशी नेमका आकडा सांगता येत नाही. साधारण ४८ ते ७२ तासांत शरीर उपचारांना कसा प्रतिसाद देते ते पाहून डॉक्टर जास्त स्पष्ट बोलू शकतात.

थोडक्यात

पोटदुखीसोबत धाप, ग्लानी, गार हातपाय किंवा कमी लघवी असेल तर ती साधी पोटदुखी नाही. लवकर पोचा, खरी माहिती द्या, आणि "मूळ कुठे आहे, ते केव्हा काढणार?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. आणि रुग्णाच्या उशाशी बसलेले असताना काही बदललेले जाणवले, तर संकोच न करता सिस्टरना सांगा. रात्री दोन वाजले असले तरी.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाविषयीचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*